ओढ कशाची होती, निवली कुठे?

गेल्या महिन्यात राजापूरकडचं घर विकलं. तेव्हापासून एक प्रश्न पिच्छा सोडत नाही. जे हातून गेलं त्याची ओढ पोटात ठेवून माणसं रोजचा दिवस गोड कसा करतात? मी घरातून फक्त आजीचा पाटा ठाण्याला आणला. परवा त्यावर ओलं खोबरं नि धने वाटले, तर हात आपोआप तिच्यासारखा तिरका फिरला. खूप बरं वाटलं. तुमचं सांगा. मोठं काही नको, घरातलंच.

*

माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले. पुन्हा कामावर घेतलंच नाही. कित्येक वर्षं ते भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे. आई दादरला गजरे विकायची. एका संध्याकाळी तिचा दोरा तुटला. बाबांनी दोन्ही टोकं चिमटीत धरली, अंगठ्याने वळसा दिला, आणि गाठ अशी बसली की बोट फिरवलं तरी लागेना. साच्यावर सूत तुटलं की मारायचे तीच गाठ. त्या दिवसापासून गजऱ्यांना तेही बसायला लागले. भोंगा विसरले नाहीत, पण अबोली गुंफताना गुणगुणायचे. त्याआधी आम्ही त्यांचा गाता आवाज ऐकलाच नव्हता.

*

दोह्यात आहे. इथे पावसाळा नाही. मृगाचा पाऊस आला की आई फोन पडवीत पागोळ्यांजवळ धरते. पाच मिनिटं कुणी बोलत नाही. मग मी कामावर जातो.

*

मूल हवं होतं, झालं नाही. बारशाला जाताना अजून पाय जड होतात. समाधान सापडलं असं खोटं सांगणार नाही. तुमचं मात्र सगळं वाचतेय.

*

सासवडला सासर. पायी पंढरपूरला जायचं लग्नापासून मनात. आधी सासूबाईंचं आजारपण, मग माझे गुडघे, राहूनच गेलं. माउलींची पालखी दिवे घाट चढून आमच्याकडे मुक्कामाला येते, तेव्हा मी दारात गरम पाणी नि खोबरेल तेल घेऊन बसते. यंदा एका आजींचे पाय चोळले. टाचेच्या भेगांत घाटाची माती घट्ट बसलेली. म्हणाल्या, "माउली, तू पण चल की." गुडघ्यांचं सांगितलं. "बरं, मग मी सांगते पांडुरंगाला, सासवडच्या लेकीनं पाय चोळले म्हणून."

एकादशीला भगर शिजत होती नि मी सारखी घड्याळाकडे बघत होते. आता सांगत असतील.