फॅशन डिझाइनला १८ लाख घालावेत का?

बी-२०३: नमस्कार मंडळी. सोसायटीचं काम नाही, पण या ग्रुपवर विचारल्याशिवाय राहवत नाही. धाकटी बारावी सायन्सला आहे. तिला फॅशन डिझाइनच करायचंय. खारघरच्या निफ्टची, म्हणजे सरकारी फॅशन संस्थेची, तयारी चालू आहे, पण नंबर नाही लागला तर म्हणून काल एक खाजगी कॉलेज बघून आलो. चार वर्षांचे १८ लाख, होस्टेल वेगळं. रात्रभर दोघांना झोप नाही. कुणाला माहिती असेल तर सांगा ना.

ए-१०१: वहिनी, कलेला डिग्री लागते का? डिझायनर मनीष मल्होत्रा कुठल्या फॅशन कॉलेजात गेले होते? बुटीकमध्ये काम करत शिकले.

बी-४०३: काका, डिझायनर सब्यसाची निफ्ट कोलकात्याचे आहेत. आणि आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, मग कपड्यांकडे वळल्या. १९८३ मध्ये 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं. तिघांच्या तीन वाटा.

सी-५०२: मी एक्सपोर्ट हाउसमध्ये १५ वर्षं मर्चंडायझर आहे, म्हणजे खरेदीदाराची ऑर्डर पूर्ण करून घेणारी, म्हणून जरा लांब लिहिते. स्वतःच्या नावाचं लेबल चालवणारे फार थोडे. बाकीची मुलं मर्चंडायझिंग, सॅम्पलिंग, पॅटर्न, क्वालिटी, सोर्सिंग यात जातात, आणि ही चांगली कामं आहेत. बायरकडून टेक पॅक, म्हणजे कपड्याची मापं आणि तपशील, येतो, त्यावरून पॅटर्न म्हणजे कापायचे कागदी साचे, मग सॅम्पल, मग साइझप्रमाणे साचे लहान-मोठे करायचं ग्रेडिंग, मग कापडावर सगळे तुकडे कसे बसवायचे त्याचा मार्कर. एका पीसमागे ५ सेंटिमीटर कापड वाचलं तर २०,००० पीसच्या ऑर्डरला १,००० मीटर वाचतं. ज्याला हे कळतं त्याला आमच्याकडे मान आहे.

इंटरव्ह्यूला येणाऱ्या मुलांची स्केचेस सुंदर असतात. मी विचारते, ही बाही मुंढ्यात कशी बसवणार? कापड किती जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅमचं? निम्मी मुलं गप्प होतात. चार वर्षं शिकलेली असतात हो. फार वाईट वाटतं. नवीन मुलांना आम्ही २०-२५ हजारांवर घेतो. हात चांगला असेल तर पुढे पगार वाढतो, पण सुरुवात तिथूनच.

निफ्टची फीही कमी नाही, चार वर्षांचे ढोबळ १२-१४ लाख धरा. पण तिथे कंपन्या कॅम्पसवर येतात, देशभरची मुलं ओळखीची होतात. नंबर लागला तर मी पाठवेन. खाजगीला १८ लाख कर्ज काढून मात्र नाही.

बी-४०३: फीशिवायचा खर्चही धरा. माझ्या भाचीला शेवटच्या वर्षी स्वतःच्या डिझाइनच्या कपड्यांचं कलेक्शन करायचं होतं. कापड, कारागीर, शूट, लाखाच्या वर गेले. कॉलेजने '१००% प्लेसमेंट' सांगितलं होतं, मिळालं काय तर शोरूममधली सेल्सची नोकरी. तिथे गेलात तर मागच्या वर्षीची मुलं कुठे लागली ते विचारा, आणि त्यातल्या दोघा-तिघांना फोन करा. मशिनरूम उघडून बघा. डिग्री कुठल्या विद्यापीठाची तेही लेखी घ्या.

डी-४०४: बँकेतून निवृत्त झालो म्हणून आकडा मांडतो. १० लाख कर्ज, व्याज १० टक्के, मुदत १० वर्षं: हप्ता महिन्याला साधारण १३,२०० रुपये. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं, तेवढं तरी भरत राहा. पगार २५ आणि हप्ता १३, मग मुंबईत भाडं कशातून द्यायचं? सहकर्जदार आईवडीलच असतात, हेही लक्षात असू द्या. व्याजावर आयकरात सवलत आहे, फक्त जुन्या करप्रणालीत.

बी-२०३: भाऊ, हा हिशोब आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता.

सी-५०२: ताई, ती सायन्सला आहे ना? गणित असेल तर निफ्टचंच बी.एफ.टेक. बघा, कपड्याच्या उत्पादनाचं शिक्षण आहे. माटुंग्याला व्हीजेटीआय, इचलकरंजीला डीकेटीई, इथे टेक्स्टाइलचं इंजिनिअरिंग आहे. शिवाय मुंबईत मुलींसाठी एसएनडीटी आणि निर्मला निकेतन आहेतच. आयटीआयचा एक वर्षाचा शिवणकामाचा कोर्सही कमी लेखू नका. आमचे पॅटर्न मास्टर कॉलेजात गेलेले नाहीत, आणि त्यांच्यावाचून आमचं पान हलत नाही.

ए-१०१: हे पटलं. मी घाईने बोललो.

ए-३०१: मी शेवटी बोलते. २२ वर्षं ब्लाऊज शिवतेय. पोरीला परीक्षा होईपर्यंत दर रविवारी माझ्याकडे पाठवा. फॉल-पिको नाही करायला लावणार, कटिंग शिकवेन. पहिला ब्लाऊज बिघडणार, उसवायला लावेन. दुसराही बिघडेल. तिसऱ्यालाही ती आपणहून मशिनवर बसली, तर तुम्ही पैशांची जुळवाजुळव करा. पैसे नकोत मला.

बी-२०३: मावशी, काय बोलू? तिला आत्ताच सांगितलं, लगेच टेप शोधायला गेली. येताना काय आणू दे?

ए-३०१: दोन मीटर मांजरपाट. आधी भिजवून वाळवून आणायला सांगा, नाहीतर आटतो. आणि कात्री तिची स्वतःची हवी, कागद कापायची नव्हे.