फिरते नाणे आणि क्युबिट यांत नेमका फरक कोणता?

खानापूरचे गुरुजी:
नमस्कार. खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. क्वांटम संगणकाच्या क्युबिटविषयी (म्हणजे त्यातील माहितीच्या सर्वांत लहान घटकाविषयी) सांगताना मी फिरत्या नाण्याचा दाखला दिला: फिरते आहे तोवर नाणे छापही असते आणि काटाही, हात ठेवला की एकच उरते. त्यावर एका मुलीने विचारले, "पण गुरुजी, आपल्याला ठाऊक नसते एवढेच ना? मग त्यात नवे ते काय?" मला उत्तर देता आले नाही. गणित फार न वाढवता हा फरक दाखवता येईल काय?

टिळकवाडीची वाचक:
गुरुजी, मुलीची शंका रास्त आहे. नाण्याचा दाखलाच लंगडा आहे. फरक एका फेकीत दिसत नाही, दोन फेकींत दिसतो. नाणे उडवले आणि न पाहता पुन्हा उडवले, तरी छाप-काटा निम्मे-निम्मेच राहतात. शून्य स्थितीतील क्युबिटवर मात्र "हॅडामार्ड" नावाची क्रिया एकदा करून मोजले, तर निम्म्या वेळा शून्य आणि निम्म्या वेळा एक मिळतो. आणि मध्ये न मोजता तीच क्रिया दुसऱ्यांदा केली, तर दर वेळी शून्यच मिळते.

याचे कारण असे की क्युबिटच्या पोटात संभाव्यता नसतात, आयाम (amplitude) नावाच्या संख्या असतात. आयामाचा वर्ग केला की संभाव्यता मिळते, आणि आयाम ऋणही असू शकतो. (खरे तर तो संमिश्र संख्या असतो, पण शाळेपुरते एवढे पुरे.) फळ्यावर चार वाटा काढा: पहिल्या क्रियेनंतर शून्य किंवा एक, आणि दुसरीनंतर त्या प्रत्येकापासून पुन्हा शून्य किंवा एक. शून्याकडे जाणाऱ्या दोन वाटांचे आयाम +१/२ आणि +१/२, बेरीज १. एकाकडे जाणाऱ्या दोन वाटांचे +१/२ आणि −१/२, बेरीज ०. नाण्याच्या संभाव्यता कधीच ऋण नसल्यामुळे त्या एकमेकींना खोडू शकत नाहीत. या खोडण्या-वाढवण्याला व्यतिकरण म्हणतात. बेळगावच्या किल्ला तलावात दोन खडे टाकले की लाटा कुठे चढतात, कुठे विरतात, तसाच हा प्रकार आहे.

निपाणीकर:
वरील उत्तराला एक पुरवणी. "क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकदम तपासतो" हे वाक्य मला दिशाभूल करणारे वाटते, कारण शेवटी मोजल्यावर एकच उत्तर हाती येते, आणि नुसत्या अध्यारोपणावर (एकाच वेळी अनेक स्थितींच्या मिश्रणात असण्यावर) विसंबलात तर तेही नशिबाने. खरी कारागिरी चुकीच्या उत्तरांचे आयाम परस्परांना खोडतील अशा रीतीने क्रिया रचण्यात आहे. संगणकशास्त्रज्ञ लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडलेली पद्धत पाहा: क्रम न लावलेल्या १० लाख नोंदींतून एक शोधायला साध्या संगणकाला सरासरी ५ लाख वेळा पाहावे लागते, तर तेथे सुमारे ७८५ फेऱ्या पुरतात. मौज अशी की त्याहून अधिक फेऱ्या केल्या, तर योग्य उत्तराची शक्यता पुन्हा घटू लागते. अधिक राबवल्याने काम बिघडवणारा संगणक मला तरी दुसरा माहीत नाही.

क्युबिट एकमेकांत गुंतले की त्यांचे वेगवेगळे वर्णन करता येत नाही. ३०० क्युबिटांच्या एका स्थितीसाठी २ चा ३०० वा घात इतके आयाम लिहावे लागतात, म्हणून साधा संगणक तिची नक्कल करताना थकतो.

खानापूरचे गुरुजी:
दोघांचेही आभार. चार वाटा फळ्यावर काढल्या, ऋण चिन्ह लाल खडूने लिहिले, आणि वर्गाला ते पटले. त्याच मुलीचा पुढचा प्रश्न आला: "पहिल्या क्रियेनंतर कोणी मध्येच डोकावले तर?"

टिळकवाडीची वाचक:
तर क्युबिटचे नाणे होते! मोजताक्षणी एकच वाट उरते, तिला खोडायला दुसरी राहत नाही, आणि दुसऱ्या क्रियेनंतर निकाल पुन्हा निम्मा-निम्मा येतो. डोकावणारा माणूसच असला पाहिजे असेही नाही; भोवतालची थोडीशी उष्णता किंवा भरकटलेली सूक्ष्मलहर तेवढेच नुकसान करते. म्हणूनच अतिवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) पदार्थांच्या क्युबिटांची यंत्रे निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एक-दोन शतांश केल्विनवर ठेवतात, आणि तरीही चुका राहतातच. त्या सुधारण्यासाठी एका भरवशाच्या क्युबिटामागे अनेक क्युबिट राबवावे लागतात. गुरुजी, फळ्यावर एक वाट पुसून बेरीज पुन्हा करायला तिलाच सांगा.