सात लिटर पाणी पिऊनही चार वाजता डोकं ठणकतंच

प्रश्न
माझं मोजणीचं काम आहे. आठ ते चार उन्हात, सावली नावालाही नाही. गेल्या उन्हाळ्यात चक्कर येऊन खाली बसलो, तेव्हापासून धसका घेतलाय. दिवसाला सात लिटर पाणी ढोसतो. लघवी नितळ होते, म्हणजे पाणी कमी पडत नसणार. तरी चारच्या सुमारास डोकं ठणकतं, मळमळतं, अंगठी बोटात रुतते. पाणी अजून वाढवू का?

उत्तर १
अजिबात नको! अंगठीचं वाचून थबकलोच, बोटं सुजणं ही पाणी जास्त झाल्याची खूण असू शकते. बारा वर्षं डांबरीकरणावर काढलीत, हाच मूर्खपणा मीही केलाय.

टोपीवर घाम वाळला की पांढरे पट्टे उमटतात ना? ते मीठ. ते गेल्यावर नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, पातळ होतं. रक्ताच्या तपासणीत लिटरमागे १३५ मिलिमोलच्या (सोडियम मोजायचं एकक) खाली आलं की कमीच म्हणायचं. मग डोकेदुखी, मळमळ; फारच उतरलं तर भ्रम, झटके. गंमत अशी की सुरुवातीला हे ऊन लागल्यासारखंच वाटतं, म्हणून माणूस घाबरून आणखी पाणी पितो.

मूत्रपिंडं तासाला जेमतेम लिटरभर पाणी बाहेर टाकतात. त्यामुळे दर पंधरा-वीस मिनिटांनी कपभर प्या, घटाघटा बाटली रिकामी करू नका. घाम कितीही येवो, तासाला दीड लिटर ओलांडायचं नाही. जेवण चुकवू नका, मीठ मुख्यतः त्यातूनच भरून निघतं.

आणि उद्या कामाआधी व नंतर वजन करा, लघवी करून, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून. किलोभर उतरलं तर साधारण लिटरभर तूट. वाढलं तर समजा, गरजेपेक्षा जास्त पाणी पिताय.

उत्तर २
रक्तदाबाची गोळी चालू आहे का? त्यातल्या काही गोळ्या लघवी वाढवतात आणि सोडियम उतरवतात. तसं असेल तर मनाने ओआरएस (पाण्यात मिसळायची मीठ-साखरेची पूड) सुरू करू नका, गोळीही बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. एरवी घ्यायचं झालं तर लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकणारे पाहिलेत मी.

प्रश्नकर्ता
सकाळी ७१.२, चार वाजता ७२.६. दुपारचं जेवण अर्धा किलो धरलं तरी वाढलंच! आणि हो, रक्तदाबाची गोळी चालू आहे, लिहायचं सुचलंच नाही. आज संध्याकाळची वेळ घेतली आहे डॉक्टरांची. अंगठी साबण लावून काढली.