म्हणे आमच्या वेळी मुलं ठणठणीत होती!

खारघरची_आई:
कालपासून सगळ्या ग्रुपवर एका काकांची पोस्ट फिरतेय. आजकालच्या आया मुलांना कापसात गुंडाळून ठेवतात, शिंक आली की नेब्युलायझर, आम्ही मातीत लोळलो आणि ठणठणीत राहिलो. खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. काका, मी तळोज्याच्या कारखान्यांच्या बाजूच्या सेक्टरला राहते. रात्री उशिरा खिडकी उघडी राहिली की कसलातरी उग्र वास थेट बेडरूममध्ये, आणि साडेतीन वर्षांचा पोरगा झोपेत श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो. ते बघत बसायला फॅशन म्हणायचं का? तान्हं बाळ मिनिटाला 30-40 श्वास घेतं, आपण पंधराएक, म्हणजे वजनाच्या मानाने घाण कोणाच्या पोटात जास्त जाते? आणि तुमच्या 'ठणठणीत' काळात, 1971 साली, देशात हजारातली 129 बाळं वर्षाच्या आत जायची. 2020 ला 28. जी गेली ती पोस्ट टाकायला उरली नाहीत.

कोपरीचा_काका:
म्हणजे प्रदूषण वाढलं आणि बालमृत्यू घटले. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात ताई.

ऐरोली_सेक्टर८:
काका लसी आल्या, ओआरएस आलं, म्हणून घटले. धुरामुळे नाही घटले! आणि 2000 सालापर्यंत तुमच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं, ते मुलांच्या मेंदूवर जातं.

कोपरीचा_काका:
माझ्या मेंदूवर घसरू नका. सगळं कारखान्यांवर ढकलायचं आणि घरात काय चालतं ते बघायचं नाही. 2021 ला दूषित हवेने जगात पाच वर्षांखालची सात लाखांवर मुलं गेली, त्यातली पाच लाखांहून जास्त घरातल्या चुलीच्या धुराने. आता तुमच्याकडे चूल नाही, पण रात्रभर कॉइल लावता ना? 2003 साली अभ्यास झालाय, एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींएवढे बारीक कण सुटतात. आधी ती विझवा.

खारघरची_आई:
आमच्याकडे डासांचं लिक्विड आहे, प्लगमधलं. न विचारता गृहीत धरायची सवय जुनीच दिसते.

घणसोलीकर:
आम्ही लावतो कॉइल, काय करायचं? शेजारी पावसाचं-भरतीचं पाणी साठवायचा धारण तलाव गाळाने भरलाय, संध्याकाळी दार उघडं ठेवलं तर डासांचा ढगच घरात. तक्रार केली की फवारणीवाला येतो, फाटकापाशी दोन मिनिटं धूर सोडतो, फोटो काढतो, गेला. मुलाला डेंग्यू झाला होता, प्लेटलेट्स घसरायला लागल्यावर हवेतले बारीक कण, ते पीएम 2.5, कोणाला आठवत नाहीत हो.

ऐरोली_सेक्टर८:
गाळ काढायचा तर तिवरं आडवी येतात, परवानगी लागते.

घणसोलीकर:
बिल्डरला बरी मिळते!

वाशीची_सून:
कॉइलवरून आठवलं, आमच्याकडे सासूबाई तिन्हीसांजेला बाळाच्या पाळण्याखाली धूप फिरवतात. बोललं की संस्कार काढतात.

कोपरीचा_काका:
आता धुपावर आलात. चोर सोडून संन्याशाला फाशी. पिढ्यानपिढ्या फिरवतोय.

वाशीची_सून:
अहो कॉइलचा धूर वाईट आणि धुपाचा पवित्र, बाळाच्या फुप्फुसाला हे कळतं का? आत्ताच पाच लाख मुलांचा आकडा कोणी दिला?

कोपरीचा_काका:
बरं बाई, पाळण्याखाली नको. देवघरात फिरवतील. झालं समाधान?

घोडबंदर_२७वा_मजला:
एवढं भांडण्यापेक्षा प्युरिफायर घ्या ना, आम्ही दोन लावलेत.

घणसोलीकर:
सत्ताविसाव्या मजल्यावरून शेळ्या हाकू नका. आमची पोरं म्युनिसिपालिटीच्या शाळेत चालत जातात, वाटेत काँक्रीट बनवणारा आरएमसी प्लँट, ताडपत्री नसलेले डंपर. प्युरिफायर दप्तरात घालू?

खारघरची_आई:
विषय पार डासांवर गेला. काका, घरातला धूर मी मान्य करते, तो माझ्या हातात आहे. बाहेरचा नाही. 2017 ला तळोज्यात कारखान्याच्या रंगाने निळे झालेले कुत्रे फिरत होते, ते काय माझ्या लिक्विडने? वर्षाची पीएम 2.5 ची मर्यादा डब्ल्यूएचओने 2021 ला घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम केली, आपली अजून 40 च आहे. त्यावर कोणी पोस्ट टाकत नाही, आयांवर मात्र लगेच.

कोपरीचा_काका:
5 वर आणलं तर पाणीपुरीची गाडीसुद्धा बंद करावी लागेल. मास्क लावा पोराला.

खारघरची_आई:
साडेतीन वर्षांच्या मुलाला मास्क लावून एक तास सांभाळून दाखवा. रविवारी घेऊन येते.

कोपरीचा_काका:
रविवारी गावी आहे मी. तिकडे हवा चांगली असते.