टेम्प्रानियो (स्पेनमधलं रेड वाईनचं द्राक्ष) नीट समजून घ्यायचीय, सुरुवात कुठून करू?

मीरा_माद्रिद: नमस्कार मंडळी, नोकरीसाठी माद्रिदला आलेय. इथे बारमध्ये रेड वाईन मागितली की विचारतात, "रिओहा की रिबेरा?" हे स्पेनमधले दोन वाईनचे प्रदेश, दोन्हीकडे द्राक्ष टेम्प्रानियोच म्हणे, मग चवीत एवढा फरक कसा काय? एकीला व्हॅनिलाचा मस्त वास आणि दुसरी काळीभोर, जीभ कोरडी पाडणारी. आणि लेबलवर क्रियान्सा, रेसेर्वा असतं तो दर्जा की नुसतं वय? खरंच शिकायचंय, सांगा.

द्राक्षवेडा: व्हॅनिला द्राक्षाचा नाहीये, पिंपाचा आहे. रिओहात जुन्या पद्धतीत अमेरिकन ओक लाकडाची २२५ लिटरची पिंपं वापरतात, व्हॅनिला-नारळ तिथून येतो (हल्ली फ्रेंच ओकही बरंच वापरतात). म्हणून आधी होवेन घ्या, म्हणजे पिंपात न ठेवलेली किंवा थोडेच दिवस ठेवलेली ताजी वाईन, तिच्यात चेरी, स्ट्रॉबेरी, प्लम असं नुसतं फळ कळतं, आणि मग शक्यतो त्याच वाइनरीची क्रियान्सा, नंतर रेसेर्वा, असं चढत जा म्हणजे लाकडाने काय केलं ते आपोआप समजतं. रिओहाचे रेडचे नियम: क्रियान्सा किमान २ वर्षं मुरवायची, रेसेर्वा ३, दोन्हीत निदान १ वर्ष ओकमध्ये. ग्रान रेसेर्वा ५ वर्षं, त्यातली २ ओकमध्ये. तर हे वयच आहे. चांगली क्रियान्सा सुमार ग्रान रेसेर्वापेक्षा कधीही भारी.

सौ_वायाडोलिडकर: रिबेरा देल दुएरोबद्दल मी सांगते. तिथले मळे साधारण ७०० ते ९०० मीटर उंचीवर, काही त्याहून वर, उन्हाळ्यात दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा. द्राक्षाची साल जाड होते, रंग आणि टॅनिन (सालीतला तुरट घटक) दोन्ही वाढतं, तुझी जीभ कोरडी पडते ती त्यामुळेच. शिवाय रिओहात गार्नाचा, ग्रासियानो, माझुएलो ही दुसरी द्राक्षं मिसळतात, रिबेरात बऱ्याचदा निव्वळ टेम्प्रानियोच. लेबलवर तिन्तो फिनो दिसलं तरी द्राक्ष हेच, स्पेनच्याच तोरो भागात त्याला तिन्ता दे तोरो म्हणतात, वाल्देपेन्यास भागात सेन्सिबेल, पोर्तुगालात तिन्ता रोरिस. रिबेरा नुसती पिऊ नकोस गं, भट्टीत भाजलेल्या कोवळ्या कोकराबरोबर घे, तेव्हा ते टॅनिन एकदम मऊ लागतं.

नाशिकचा_बाळ्या: ताई, रिओहातल्या लोग्रोन्यो शहरात जाच, लाउरेल गल्लीत दारोदारी पिंचोस (छोटे चटपटीत पदार्थ) आणि ग्लासावर रिओहा मिळते, अख्खी बाटली न घेता चार प्रकार चाखता येतात. आमच्या नाशिककडे चारोसाने टेम्प्रानियो काढली होती. आपल्याकडे तोडणी हिवाळा ते उन्हाळ्याच्या तोंडावर, तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात, सगळंच उलटं.

मीरा_माद्रिद: धन्यवाद सगळ्यांना! उन्हाळ्यात बाटली फ्रीजमध्ये ठेवली तर चालेल का?

द्राक्षवेडा: ठेवाच. माद्रिदच्या उन्हाळ्यात घरात ठेवलेली वाईन गरम लागते आणि अल्कोहोल नाकात जातो. अर्धा तास फ्रीजमध्ये, १६-१८ अंशाला प्या, होवेन आणखी थोडी गार चालते.