झॉम्बीपेक्षा पॅलेसवाला डेव्हिड बेकार

"मुलांच्या झॉम्बी कादंबरीत शेवटी सगळे वाचतातच, मग भीती कसली" असं मत ऐकलं, ते काही पटलं नाही ब्वॉ. चार्ली हिग्सनचं 'द एनिमी' (2009) वाचा मग बोलू. लंडनमध्ये रोग येतो, मोठी माणसं एकतर मरतात नाहीतर पोरांनाच खायला उठतात, आणि वेटरोज सुपरमार्केटमध्ये पोरांची एक टोळी कशीबशी तग धरून असते. सुरुवातच अशी की छोटा सॅम मागच्या कार पार्किंगमध्ये बाहुले घेऊन लुटुपुटूची लढाई खेळतोय आणि मोठी माणसं येऊन त्याला उचलून नेतात. पुढे टोळीचा लीडर ॲरनसुद्धा मरतो, तोही आपल्यासारख्याच पोरांच्या बाणाने, चुकून! मग सगळं टोळीतल्याच मॅक्सीच्या गळ्यात.

पण मला खरी टरकवली ती बकिंगहॅम पॅलेसने. तिथे डेव्हिड नावाचा पोरगा शिस्त, भाजीचे वाफे, पहारे सगळं लावून बसलाय आणि सडत चाललेलं राजघराणं खोलीत कोंडून ठेवलंय, का तर त्यांच्या नावावर राज्य करता येईल म्हणून. झॉम्बीला निदान भूक तरी लागलेली असते हो. एकूण 7 भाग आहेत, 2015 ला संपली सिरीज. तिसऱ्यात जरा रेंगाळते, पण सोडू नका.