ज्ञातीची धर्मशाळा पाडावी की राखावी? पेनांगची खू कोंग्सी पाहून पडलेला प्रश्न

पंचवटीकर

नमस्कार. प्रश्न थोडा लांब आहे, पण सगळी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय सल्ला मागणे योग्य होणार नाही.

पंचवटीत, गोदाकाठापासून फार दूर नसलेल्या एका बोळात आमच्या ज्ञातीची धर्मशाळा आहे. दिंडीदरवाजा, आत फरसबंद चौक, चारही अंगांनी ओसरी, वर सागवानी कठड्याचा मजला आणि मागे पंगतीचे स्वयंपाकघर, अशी ही वास्तू माझ्या पणजोबांच्या पिढीने गावोगाव वर्गणी फिरवून उभी केली. देवडीत देणगीदारांची एक संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर एकशे एक रुपये देणाऱ्या सावकाराच्या नावाखाली सव्वा रुपया देणाऱ्या एका विधवेचे नावही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत कोरलेले आहे. पूर्वी सिंहस्थाला, दशक्रियेला, अस्थिविसर्जनाला येणारी मंडळी इथेच उतरत असत. आता ती हॉटेलात उतरतात. तळमजल्यावर चार जुने भाडेकरू आहेत आणि त्या चौघांचे मिळून येणारे भाडे विजेच्या बिलालाही पुरत नाही. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत फुगली, धोकादायक इमारतीची नोटीस आली आणि लगोलग एका बांधकाम व्यावसायिकाचा प्रस्तावही आला: वाडा पाडायचा, नवी इमारत उभारायची आणि तिच्यातला एक मजला समाजाला द्यायचा. २०२७ च्या सिंहस्थाआधी ‘भक्तनिवास’ तयार होईल, या आशेने विश्वस्त मंडळातले बहुतेक जण त्या बाजूला झुकले आहेत.

अशा मनःस्थितीत मी मुलीकडे मलेशियात पेनांगला गेलो होतो. तिथल्या जॉर्ज टाउनमध्ये तिने मला खू कोंग्सी दाखवली. चीनच्या फूच्येन प्रांतातून आलेल्या खू आडनावाच्या लोकांची ही कुलसंस्था. कोंग्सी म्हणजे अनेकांनी मिळून चालवलेला सामायिक कारभार. एका अरुंद बोळातून आत शिरलो आणि एकदम मोठा चौक समोर आला, तेव्हा मला आमचाच दिंडीदरवाजा आठवला. छपराच्या कण्यावर ड्रॅगन, फुले, घोडेस्वार आहेत आणि जवळून पाहिले तर ते सगळे रंगीत चिनीमातीच्या भांड्यांच्या कापलेल्या तुकड्यांचे आहे. एकेक पाकळी म्हणजे एखाद्या वाटीची कड. आत पूर्वजांच्या नावांच्या उभ्या पट्ट्या ओळीने मांडलेल्या आहेत. आपल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सात पिढ्यांची नावे असतात, तसे ते जणू उघड्यावर मांडून ठेवलेले. पण मी सर्वांत जास्त वेळ थबकलो तो भिंतीवरच्या फलकांपाशी. त्यांवर कुळातल्या शिकलेल्या मुलामुलींची नावे आणि पदव्या आहेत. आमच्याकडेही दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो, पण तो भाड्याच्या हॉलमध्ये, आणि संध्याकाळी बॅनर उतरला की त्या मुलांचे नाव कुठेही उरत नाही.

त्यांना हे कशाच्या बळावर जमले? पैसा कुठून आला, भाडेकरूंचे काय झाले, आणि यातले नाशिकमध्ये काय शक्य आहे? जाणकारांनी कृपया स्पष्ट लिहावे; उत्तर ‘पाडा’ असे असेल तरी चालेल.

सागवान

पंचवटीकर, मी वास्तुरचनाकार आहे, जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामे करतो आणि जॉर्ज टाउनमधल्या कुलसंस्थांच्या इमारती मुद्दाम जाऊन पाहिल्या आहेत. आपल्या मंडळात ‘ते श्रीमंत, म्हणून त्यांना जमले’ असे कोणी म्हणेल, म्हणून आधी त्या वास्तूचा इतिहास सांगतो.

आपण पाहिलेली इमारत १९०६ मध्ये पूर्ण झाली. तिच्या आधीची, हिच्याहून भव्य इमारत १९०१ मध्ये उभी राहते न राहते तोच आगीत गेली. ती चीनच्या बादशहाच्या महालाशी बरोबरी करू लागली म्हणून देव कोपले, असे तिथे सांगतात. नवी बांधताना कुळाने आकार आवरता घेतला. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात तिचे नुकसान झाले आणि १९५० च्या दशकात ती पुन्हा दुरुस्त झाली. जॉर्ज टाउन आणि मलाक्का ही शहरे जागतिक वारशाच्या यादीत आली ती २००८ मध्ये. म्हणजे बाहेरून शिक्का मिळण्याच्या आधी शंभर वर्षे कुळाने ही वास्तू स्वतःच्या खर्चाने आणि हौसेने सांभाळली होती.

पैशाचे मर्म तिच्या मालमत्तेच्या रचनेत आहे. देवळाभोवतीची आणि शहरातली इतर घरेदुकाने संस्थेच्याच मालकीची राहिली, आणि त्यांच्या भाड्यातून उत्सव, शिष्यवृत्त्या आणि छप्पर या तिन्हींचा खर्च निघत आला. देवळाखाली आज संग्रहालय आहे आणि त्याला तिकीट आहे, पण ते उत्पन्न मागाहून जोडलेले. आपल्याकडे ट्रस्टच्या मिळकती एक एक करून विकल्या जातात आणि शेवटी मुख्य वास्तू उरते, तिला खायला घालणारे काहीच नसते. आपल्या धर्मशाळेच्या मालकीची दुसरी एखादी जागा, शेत, गाळा आजही आहे का, हे सर्वांत आधी पाहा.

भाडेकरूंबाबत मात्र पेनांगचे उदाहरण मी अनुकरणासाठी देणार नाही. तिथे १९६६ च्या कायद्याने जुनी भाडी गोठलेली होती. तो कायदा १९९७ मध्ये रद्द करण्याचा निर्णय झाला आणि १ जानेवारी २००० पासून भाडी मोकळी झाली. त्यानंतर उदबत्त्या वळणारे, पाट्या कोरणारे, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेले कितीतरी लोक वाढलेले भाडे न परवडून शहराच्या गाभ्यातून निघून गेले. भिंती देखण्या झाल्या, पण संध्याकाळी ओट्यावर बसणारी माणसे गेली. ही बाजू मला अजूनही बोचते. आपले चार भाडेकरू हे त्या वास्तूचे रोजचे राखणदार आहेत. रोज दिवा लागतो आणि गळती लगेच दिसते ती त्यांच्यामुळेच.

आता भिंतीविषयी. जुनी भिंत वीट, माती आणि चुना यांची असते. ती ओल शोषते आणि बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. आतली माती भिजून सैल होते, भिंत पोटातून फुगते, आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजू लागतात. वरून तुळया ठणठणीत दिसतात, पण टोकाला हातोडी मारली की बद्द आवाज येतो. अशा तुळईचे कुजलेले टोक कापून त्याच जातीच्या जुन्या सागाचा तुकडा खाच पाडून जोडता येतो. सगळी तुळई बदलावी लागत नाही. आपली भिंत फुगली आहे, त्या बाजूला मोरी किंवा पन्हळीचे पाणी पडते का? आणि तिथे सिमेंट कधी लावले गेले होते? एवढे कळवा. नाशिकमध्येच पाहायचे असेल तर मंडळींना पेशवेकालीन सरकारवाड्यात घेऊन जा, आणि १७५६ चे सुंदरनारायण मंदिरही दाखवा. पुरातत्त्व खात्याने तिथे झिजलेले दगड उतरवून नवे घडवून बसवण्याचे काम हाती घेतले, ते पाहिले म्हणजे जुने बांधकाम सुटे करून पुन्हा जुळवता येते हे पटेल.

कोर्टपायरी

मी वकिली करतो आणि ट्रस्टच्या मिळकतींची प्रकरणे पाहतो. मंडळातल्या कोणाची सही होण्यापूर्वी पुढील गोष्टी वाचाव्यात.

धर्मशाळा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था (ट्रस्ट) म्हणून नोंदलेली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार तिची स्थावर मिळकत विकणे, बदलून देणे, बक्षीस देणे किंवा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे यांसाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. ‘हा तर विकसन करार आहे, विक्री नव्हे’ असे सांगितले जाईल. त्यावर विसंबून राहू नये, कारण करारातून मिळकतीतला हक्क बाहेर जातो की नाही हेच पाहिले जाते. ट्रस्टच्या अनुसूची १ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या तिच्या नोंदीचा, उतारा आजच मागवा. ‘सागवान’ यांनी विचारलेल्या दुसऱ्या मिळकतींचे उत्तरही त्यातच सापडेल.

नोटीस बहुधा महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आहे. त्या कलमात पाडणे, सुरक्षित करणे किंवा दुरुस्त करणे असे पर्याय आहेत. नोटीस आली म्हणजे वाडा गेला, असा समज लोकांमध्ये पसरतो, किंबहुना पसरवला जातो. संरचनेची तपासणी करून घ्या, ती जुन्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याकडून करा, फुगलेल्या भिंतीला तातडीने टेकू द्या आणि दुरुस्तीचा आराखडा लेखी सादर करा. मात्र अहवाल खरोखरच ‘राहणे धोक्याचे’ असा आला तर त्या भागातली माणसे आधी हलवा. वास्तूवरचे प्रेम कोणाच्या जिवापेक्षा मोठे नाही.

दुरुस्तीसाठी भाडेकरूंना जागा सोडावी लागली तर काम पुरे झाल्यावर पुन्हा ताबा मिळण्याची तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये आहे. चौघांशी लेखी करार आधी करा, म्हणजे ते विरोधक न होता सोबत येतील.

आणखी एक. आपली जागा गोदाकाठाजवळ आहे. २००८ आणि २०१६ च्या पुरात पाणी कुठवर आले होते ते आपल्याला आठवत असेल. मिळकत निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीच्या पुरासाठी सरकारने आखलेल्या हद्दीच्या, आत येत असेल तर तिथल्या नव्या बांधकामावर कडक बंधने आहेत. आज उभा असलेला वाडा पाडल्यानंतर कागदावरचे सगळे मजले मंजूर होतीलच, असे धरून चालू नका.

माझगावकर

माझे आजोळ नाशिकचे, राहणे मुंबईत. चिनी कुलसंस्थेची वास्तू पाहायला पेनांगला जाण्याची गरज नाही. माझगावला नवाब टँक रोडवर सी यप कून हे १९१९ चे देऊळ आहे. कँटनकडच्या चार परगण्यांतून आलेल्या खलाशी मंडळींचे. बाहेरून साधी दुमजली इमारत आहे. बंदरावर उतरलेल्या गाववाल्यांना खाली आसरा मिळे आणि वर देव. म्हणजे धर्मशाळाच. मुंबईतले चिनी लोक आता मूठभर राहिले आहेत आणि तिथली देखभाल एक कुटुंब करते; चिनी नववर्षाला मात्र जिना भरून जातो.

कोलकात्याच्या टिरेटा बाजारातही अशी कुलगृहे आहेत. त्यांपैकी तूंग ऑनची इमारत १९२४ ची. वर देऊळ आणि खाली त्या काळचे नामांकित नानकिंग हॉटेल. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या हजारो भारतीयांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले, नंतर अनेक कुटुंबे देश सोडून गेली, आणि ज्या वास्तूंना वर्गणी देणारी माणसेच उरली नाहीत त्या थकत गेल्या. तिथे चुन्याचा दोष नव्हता.

म्हणून मला एवढेच विचारायचे आहे: आपल्या धर्मशाळेचा दिंडीदरवाजा समाजाच्या कामासाठी वर्षातून किती दिवस उघडतो?

भट्टीचा चुना

आमच्या घरात तीन पिढ्या गवंडीकाम आहे. ‘सागवान’ यांनी लिहिले ते बरोबर आहे. कामाच्या वेळेविषयी थोडे सांगतो. चुन्याचे काम पावसाळ्यात काढू नका. दसरा-दिवाळीनंतर सुरू करा. चुना विरवून पाण्याखाली मुरत ठेवावा लागतो, तो जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. मग चुन्याच्या घाण्यात मळायचा, गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालायचे. गिलावा पातळ थरांत द्यायचा आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली सावकाश वाळू द्यायचा. घाई केली तर तडे जातात. मुख्य म्हणजे जुना सिमेंटचा गिलावा छिन्नीने हलक्या हाताने काढा. ब्रेकर मशीन लावले तर फुगलेली भिंत त्याच दिवशी बसेल. आणि चौकातल्या फरशीवर सिमेंटचा कोबा केला असेल तर तोही काढा, कारण चौकातले पाणी मुरायला जागा न मिळाल्यामुळे ते पायाकडे जाते. हे मी पंचवटीतल्याच एका वाड्यात डोळ्यांनी पाहिले आहे.

पंचवटीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल मंडळातल्या दोघांना घेऊन वाड्यात गेलो आणि आपण विचारलेले एकेक तपासले.

फुगलेल्या भिंतीला लागूनच मोरी आहे. तिचा पाइप फुटलेला आहे, आणि त्या भिंतीला दहा-बारा वर्षांपूर्वी आम्हीच सिमेंटचा गिलावा करवून घेतला होता. ठरावावर माझ्या वडिलांची सही आहे. चौकात कोबा आहे. वरच्या मजल्याच्या तुळयांपैकी दोनच टोकांचा आवाज बद्द आला. पाइप कालच बंद केला आणि टेकू द्यायला माणूस उद्या येतो आहे. अनुसूचीच्या उताऱ्यासाठी अर्ज दिला आहे, आणि पूररेषेचा प्रश्न मंडळापुढे ठेवला तेव्हा प्रस्तावाची घाई करणारेही गप्प झाले.

माझगावकर, गेल्या वर्षी समाजाच्या कामासाठी दरवाजा चार वेळा उघडला, आणि त्यातल्या तीन वेळा सभा होती. यंदाचा गुणगौरव चौकातच घ्यावा, असे मी सुचवले आहे; भिंतीची बाजू दोरी लावून बंद ठेवू. भाडेकरूंपैकी सर्वांत वृद्ध आजी म्हणाल्या की पंगतीची पाने मांडायला त्यांना अजून जमेल.

देवडीतल्या पाटीवर कोणीतरी ऑइलपेंट फासला आहे आणि तळाच्या तीन ओळी त्याखाली गेल्या आहेत. संगमरवराला धक्का न लावता तो रंग कसा काढायचा, हे कोणी सांगू शकेल काय? रविवारी सभा आहे, आणि त्याआधी ती तीन नावे वाचून घ्यायची आहेत.

सागवान

पत्रा किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका, आणि आम्ल तर मुळीच नको. संगमरवर आम्लाने खाल्ला जातो. शनिवारी सकाळी मी पंचवटीत आहे, रंग मऊ करणारे द्रावण आणि लाकडी पट्ट्या घेऊन येतो. आधी कोपऱ्यात बोटभर जागेवर करून पाहू.